तलफेचं बेट

आजचा इतिहास सुरू होतो एका माणसापासून, ज्याचं नाव कुठेही छापलेलं नाही. वैद्यकीय लेखात त्याला नुसतं 'एन' म्हटलंय. अमेरिकेतला माणूस. १४ व्या वर्षी सिगारेट धरली. २८ व्या वर्षी तो दिवसाला चाळीसच्या वर ओढत होता, त्याही बिनफिल्टरच्या. ओढायला आवडायचं, आणि सोडायचा त्याचा बिलकूल विचार नव्हता. मग त्याला मेंदूचा झटका आला. दवाखान्यातून बाहेर पडला तो सिगारेटशिवाय. डॉक्टरांनी बजावलं म्हणून किंवा मरणाची भीती बसली म्हणून सोडली, असं त्याने सांगितलं नाही. त्याच्या सांगण्याचा मतलब एवढाच होता की शरीर ओढण्याची ओढच विसरून गेलं.

या 'एन'ची हकीकत २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात आली. आयोवा विद्यापीठात मेंदूला इजा झालेल्या रुग्णांची जुनी, नीट ठेवलेली नोंदवही आहे. नसीर नक्वी, अंतोइन बेशारा, हॅना दमासिओ आणि डेव्हिड रुड्राउफ यांनी त्या नोंदींमधून ६९ जण निवडले, जे इजा झाली तेव्हा सिगारेट ओढत होते. त्यांतल्या १९ जणांची इजा मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागात होती. या १९ पैकी १३ जणांनी सिगारेट सोडली होती, आणि त्या १३ पैकी १२ जणांची तऱ्हा 'एन'सारखी: झटकन सुटली, त्रास झाला नाही, परत आठवण आली नाही. उरलेल्या ५० जणांतही १९ जणांनी सोडली होती, पण अशी सहज सुटलेले त्यांत फक्त चार.

इन्सुला म्हणजे लॅटिनमध्ये बेट. मेंदूच्या बाजूची घडी उचलून बघितली तर आत लपलेला हा तुकडा दिसतो. योहान क्रिस्टियान राइल या जर्मन वैद्याने त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला कितीतरी काळ 'राइलचं बेट' म्हणत. गंमत म्हणजे मनोविकारशास्त्राला 'सायकियाट्री' हा शब्दही याच राइलने १८०८ साली दिला. भूक, तहान, छातीतली धडधड, पोटात पडलेला खड्डा, अशा शरीराच्या आतल्या बातम्या या बेटावर येऊन पोचतात. तलफ ही अशीच एक बातमी असावी, असं आयोवाच्या मंडळींचं म्हणणं.

मला हा लेख महत्त्वाचा वाटतो तो एका घरगुती कारणाने. मी जबलपूरचा. आमच्याकडे तेंदूपत्ता आणि विडी हा नुसता शौक नाही, अनेक घरांची चूल त्यावर पेटते. माझे वडील मात्र सिगारेटवाले. माझ्या मोजणीप्रमाणे त्यांनी ती सात वेळा सोडली. प्रत्येक वेळी परत धरली की घरातलं कुणी ना कुणी म्हणायचं, "मनावर घेतलं तर काय होत नाही!" आता बघा, 'एन'ने काहीच मनावर घेतलं नव्हतं. त्याच्या मेंदूतली एक जागा निकामी झाली आणि जे सात वेळा मनावर घेऊनही माझ्या वडिलांना जमलं नाही ते त्याला फुकटात मिळालं. मग 'मन' म्हणून आपण ज्याला बोल लावतो ते नक्की काय आहे?

पण झटका येणं हा काही उपचार नव्हे. प्रश्न असा पडला, की कवटी न उघडता, काहीही न कापता त्या जागेपर्यंत हात पोचेल का? याचं उत्तर शोधायला फार मागे जावं लागतं, आणि ती वाट काही फारशी स्वच्छ नाही.

पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या रोमन वैद्याने डोकेदुखीवर जिवंत विद्युतमासा कपाळाला लावायला सांगितलं होतं. अठराशेच्या सुमारास जोव्हानी अल्दिनीने (बेडकाचे पाय हलवणाऱ्या गाल्व्हानीचा हा भाचा) बॅटरीची वीज विषण्ण रुग्णांच्या डोक्याला लावून बघितली. हे सगळं अंधारात दगड मारण्यासारखं होतं. वीज डोक्यात जाते हे कळत होतं. कुठे जाते आणि काय करते, हे नाही.

'कुठे' हा प्रश्न नीट विचारला गेला १८७० मध्ये. फ्रिच आणि हित्सिग या बर्लिनच्या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूवर ठरावीक जागी हलकी वीज लावली की ठरावीक पाय हलतो हे दाखवलं. प्रयोगशाळा मिळाली नव्हती, म्हणून काम हित्सिगच्या घरी चाललं होतं असं सांगतात. म्हणजे मेंदूला नकाशा आहे, एवढं ठरलं.

आणि चारच वर्षांत कुणीतरी तो नकाशा माणसावर तपासला. इथे मी जरा थांबणार आहे, कारण या बाईचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. मेरी रॅफर्टी. वय ३०, घरकाम करणारी, मूळची आयर्लंडची. १८७४ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या गुड समॅरिटन रुग्णालयात आली. टाळूवरच्या व्रणाने तिची कवटीच खाल्ली होती, इतकी की आतल्या मेंदूचं ठोके घेणं डोळ्यांना दिसत होतं. रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टरने त्या भोकातून मेंदूत सुया घातल्या आणि वीज सोडली. विरुद्ध बाजूचे हात-पाय आखडले. नकाशा माणसालाही लागू होता. मग त्याने वीज वाढवली. तिला त्रास होऊ लागला, ती रडू लागली, पुढे फेफरं आलं. काही दिवसांत ती गेली. अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने बार्थोलोवर टीका केली, त्यानेही असा प्रयोग पुन्हा करणं गैर ठरेल असं लिहिलं, आणि त्याची कारकीर्द पुढे चालू राहिली. तिने संमती दिली होती असं त्याचं म्हणणं. मरणाच्या दारात असलेल्या, धर्मादाय खाटेवरच्या मोलकरणीची संमती म्हणजे काय, हे ज्याचं त्याने ठरवावं.

विसाव्या शतकात प्रश्न हात-पायांवरून इच्छेवर आला. १९५४ साली मॉन्ट्रियलला मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांना दिसलं, की मेंदूच्या आतल्या एका जागी तार बसवली आणि खटका उंदराच्या हाती दिला, तर उंदीर स्वतःला पुन्हा पुन्हा वीज देत बसतो. आज आपण व्यसनाच्या ज्या 'बक्षीस यंत्रणे'बद्दल बोलतो तिचा शोध इथून सुरू होतो. हेच न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठात रॉबर्ट हीथने माणसांच्या डोक्यात तारा घालून केलं. १९७२ साली त्याने एका २४ वर्षांच्या समलिंगी तरुणाबद्दल लिहिलं. त्याची लैंगिक आवड 'दुरुस्त' करायची म्हणून त्याच्या मेंदूत तारा होत्या. खटका हातात दिल्यावर त्या तरुणाने तीन तासांच्या एकेका बैठकीत तो हजाराहून जास्त वेळा दाबला.

हे मी सनसनाटीसाठी सांगत नाही. माणसाच्या मेंदूतली एखादी इच्छा बाहेरून कमी-जास्त करता येते, हे एकदा कळलं की कोणती इच्छा काढायची आणि ते कुणी ठरवायचं हा प्रश्न येतोच. सिगारेटच्या बाबतीत उत्तर सोपं वाटतं, कारण सोडायला आलेला माणूस स्वतःच्या पायांनी येतो. पण चीनमध्ये हेरॉइनच्या व्यसनासाठी मेंदूतला एक भाग जाळून टाकण्याच्या शस्त्रक्रिया चालल्या होत्या. २००४ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने त्या थांबवल्या. तिथे किती जण स्वतःच्या पायांनी आले आणि किती जणांना घरच्यांनी आणलं, याचा विचार करून बघा.

आता चुंबकाकडे येऊ. १८३१ साली फॅरेडेने दाखवलं, की बदलतं चुंबकत्व जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं. मेंदू हाही एक वाहकच, खाऱ्या पाण्यात भिजलेला. १९१० साली लंडनच्या सिल्व्हेनस थॉम्प्सनने मोठ्या कॉइलमध्ये स्वतःचं डोकं घातलं. त्याला डोळ्यांपुढे उजेड लुकलुकताना दिसला. त्यापलीकडे काही नाही. पुरेसा जोरदार आणि पुरेसा झटपट ठोका देणारं यंत्र तेव्हा नव्हतं.

ते आलं १९८५ मध्ये, इंग्लंडच्या शेफील्डला. त्याआधी १९८० साली मर्टन आणि मॉर्टन यांनी टाळूवरून थेट विजेचा जोरदार झटका देऊन हात हलवून दाखवला होता, पण तो भलताच दुखायचा. कवटी विजेला अडवते, त्यामुळे बराचसा झटका टाळूच्या कातडीतच संपतो. चुंबकत्वाला कवटी आडवी येत नाही. अँथनी बार्कर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल धरली, 'टक्' असा आवाज झाला, आणि समोरच्या माणसाचा हात आपोआप हलला. दुखलं नाही. 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा लेख आला, आणि मेंदूपर्यंत सुयांशिवाय पोचण्याची वाट खुली झाली. मेरी रॅफर्टीच्या हाताला जे झालं तेच, पण हा माणूस नंतर उठून घरी गेला. मधे १११ वर्षं गेली होती.

आजच्या विषयाच्या नावात 'व्यक्तिगणिक' हा शब्द आहे. रेडिमेड सदरा आणि माप देऊन शिवलेला सदरा यातला फरक. तो या यंत्रात पहिल्या दिवसापासून थोडासा होताच. प्रत्येकाच्या कवटीची जाडी वेगळी, मेंदूचं आतलं अंतर वेगळं, चेतापेशींची चिथावणी वेगळी. म्हणून आधी हाताच्या स्नायूला हलवणारी जागा शोधतात आणि जोर हळूहळू कमी करत नेतात. दहा ठोक्यांपैकी साधारण पाच वेळा स्नायू हलेल इतका कमीत कमी जोर, हे त्या माणसाचं माप. उपचाराचा जोर त्या मापाच्या टक्क्यांत ठरतो. तुमचं माप तुमचंच, शेजाऱ्याचं चालत नाही.

जागेच्या बाबतीत मात्र कितीतरी वर्षं रेडिमेडच चाललं. नैराश्याच्या उपचारात मेंदूचा पुढचा, डावीकडचा भाग गाठायचा असे. पद्धत काय? अंगठ्याची जागा सापडली की तिथून पाच सेंटिमीटर पुढे. लहान डोक्यालाही पाच, मोठ्या डोक्यालाही पाच. २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यासाठी या उपचाराला परवानगी दिली तेव्हाही ही टेप-पट्टीची रीत सर्रास होती. हसू येतं, पण शिंपीसुद्धा आधी अंदाजानेच कापत असणार.

सिगारेटची अडचण आणखी वेगळी. इन्सुला खोल आहे. आठच्या आकड्याच्या नेहमीच्या कॉइलचा जोर पृष्ठभागाखाली दोन-एक सेंटिमीटरनंतर ओसरतो. अब्राहम झंगेन आणि यिफ्ताख रोथ यांनी गुंतागुंतीच्या वळणांची, हेल्मेटमध्ये बसवलेली कॉइल तयार केली. ती जास्त खोल पोचते, पण त्याची किंमत द्यावी लागते: जितकं खोल जावं तितका परिणाम पसरट होतो. एकाच बेटावर नेमका ठोका मारता येत नाही, आसपासचा किनाराही हलतो.

२०१४ साली इस्रायलमधला अभ्यास आला. दिवसाला निदान वीस ओढणारे, आधीचे उपचार फसलेले ११५ जण. काहींना वेगवान ठोके, काहींना संथ, काहींना नकली, म्हणजे आवाज सगळा तसाच पण चुंबकत्व नाही. उपचाराआधी निम्म्या लोकांची तलफ मुद्दाम चाळवली. आधी तलफ जागी करायची आणि मग ठोके द्यायचे, हा विचार मला फार चतुर वाटतो. झोपलेल्या सापावर काठी मारण्यात अर्थ नाही. सगळ्यात जास्त लोक सुटले ते याच गटात: वेगवान ठोके आणि जागी केलेली तलफ. उपचार संपताना त्यांतल्या ४४ टक्के लोकांनी सिगारेट सोडलेली होती, सहा महिन्यांनी ३३ टक्के.

इथे एक कोडं आहे आणि ते झाकून ठेवायला नको. संथ ठोके मेंदूचा भाग शांत करतात आणि वेगवान ठोके तो चेतवतात, असं ढोबळमानाने मानतात. इन्सुला निकामी झाली म्हणून 'एन' सुटला, तर तिला शांत करणारे संथ ठोके लागू पडायला हवे होते. पडले वेगवान. म्हणजे आपण बेटाचा आवाज बंद करत नसून काहीतरी वेगळंच करतोय. कदाचित चाललेली लय मोडतोय, किंवा पुढच्या भागातला लगाम ओढणारा हात बळकट करतोय. बरं होणं आधी आणि कारण कळणं मागून, हा वैद्यकातला जुना क्रम आहे.

मोठी परीक्षा झाली ती १४ केंद्रांवर, २६२ लोकांची. निकाल २०२१ मध्ये 'वर्ल्ड सायकियाट्री'त छापला. तीन आठवडे रोज, मग तीन आठवडे आठवड्यातून एकदा, असे १८ वेळा उपचार. प्रत्येक वेळी आधी तलफ जागी करायची, मग १८०० ठोके, आणि शेवटी थोडं बोलणं. सुरुवातीला घेतलेल्या सगळ्यांना मोजलं तर खऱ्या उपचाराच्या गटात १९.४ टक्के लोक सलग सिगारेटविना राहिले, नकली गटात ८.७ टक्के. याच चाचणीच्या आधारे ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत सिगारेट सोडवण्यासाठी या यंत्राला परवानगी मिळाली होती.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. दुपटीहून जास्त, हे खरं. शंभरातले ऐंशी तसेच राहिले, हेही खरं. जाहिरातीत पहिलं वाक्य येतं, म्हणून दुसरं मी इथे सांगतोय. मात्र हे सगळे आधी सोडायला जाऊन फसलेले लोक होते हेही विसरू नका. अशांतला दर दहावा माणूस जास्तीचा सुटणं मला तरी थोडं वाटत नाही.

त्या ऐंशींचं काय, या प्रश्नातून 'व्यक्तिगणिक' उपचाराची आजची धडपड आली आहे. त्याला मोठा आधार मिळाला २०२२ मध्ये. फिनलंडचे युहो योत्सा आणि बॉस्टनचे मायकल फॉक्स यांनी आयोवाच्या नोंदींत अमेरिकेतल्याच रॉचेस्टरच्या नोंदी मिळवल्या. मेंदूला इजा झाली तेव्हा ओढणारे एकूण १२९ जण, त्यांतले ३४ 'एन'सारखे सहज सुटलेले. त्यांच्या इजा एका जागी नव्हत्या. कुणाच्या इन्सुलात, कुणाच्या भलतीकडेच. पण त्या जागा ज्या जाळ्याला जोडलेल्या आहेत ते जाळं एकच निघालं. म्हणजे तलफ एका बेटावर राहत नाही, ती बेटाबेटांना जोडणाऱ्या होडीच्या वाटांवर असते. आणि या वाटा प्रत्येकाच्या मेंदूत जराशा वेगळ्या.

त्या वाटा बघायची सोय आता आहे. माणूस एमआरआय यंत्रात नुसता पडून असताना मेंदूचे कोणते भाग एका तालात चालतात हे मोजता येतं, आणि त्यावरून त्याच्या जाळ्याचा नकाशा काढता येतो. मग कॅमेऱ्याच्या मदतीने कॉइल नेमकी त्या जागेवर धरायची. नैराश्यात हे स्टॅनफर्डच्या नोलन विल्यम्स यांच्या गटाने करून दाखवलं: प्रत्येकाच्या नकाशावरून जागा, रोज दहा वेळा, पाच दिवस. २०२० च्या पहिल्या अहवालात २१ पैकी १९ जण बरे झाले, २०२२ मध्ये परवानगीही मिळाली. तो गट लहान होता आणि सगळ्यांना खरा उपचार दिला होता, म्हणून त्या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. सिगारेटसाठी दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला शिंगबाओ ली यांच्या गटाने २०२० साली दोन आठवड्यांचा, एमआरआय बघून जागा ठरवलेला उपचार तपासला. तोही नकली उपचारापेक्षा सरस ठरला.

आपल्याकडे हे यंत्र नवं नाही. रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत दारूच्या तलफेवर याचा प्रयोग झाला. ३० जणांना खरा उपचार, १५ जणांना नकली, आणि खऱ्या गटात तलफ जास्त उतरली. हा अभ्यास २०१० मध्ये 'अ‍ॅडिक्शन' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. इस्रायलच्या सिगारेटच्या अभ्यासाच्या चार वर्षं आधी! आपल्या वर्तमानपत्रांनी याची किती दखल घेतली ते सोडून देऊ.

पण आपली तंबाखू वेगळी आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत १५ वर्षांवरच्या २८.६ टक्के लोकांना तंबाखूची कुठली ना कुठली सवय होती. सिगारेट ओढणारे चार टक्के, विडी ओढणारे ७.७ टक्के, आणि तोंडात ठेवणारे २१.४ टक्के. मळून बार भरणारे, गुटखा खाणारे, सकाळी मशेरी लावणाऱ्या आपल्या आज्या-मावश्या, हे सगळे या तिसऱ्या आकड्यात. अमेरिकेतली ती मोठी चाचणी दिवसाला निदान दहा सिगारेटी ओढणाऱ्यांची होती. सिगारेटचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, दाढेखालच्या तंबाखूचं सावकाश मुरतं. दोघांची तलफ मेंदूत एकाच वाटेने चालते असं धरून चालणं धाडसाचं होईल.

खर्चाचाही हिशेब आहे. सहा आठवड्यांत अठरा फेऱ्या, त्यात एमआरआयचा नकाशा. हे बंगळूरच्या आयटीवाल्याला परवडेल, सिन्नरच्या विडी कामगार बाईची रोजी बुडेल. तिच्यासाठी आजघडीला सिगारेट-विडीच्या पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर आहे, सरकारी दवाखान्यातलं समुपदेशन आहे, निकोटिनचं च्युइंगम आहे.

आणि समजा उद्या हे हेल्मेट तिच्यापर्यंत पोचलं, तरी आधी तलफ जागी करावी लागेलच. त्या चाचण्यांत ओढणाऱ्या माणसांची चित्रं आणि सिगारेटच्या आठवणी पुरल्या. तिच्यासाठी मशेरी भाजल्याचा वास लागेल, चुन्याची डबी उघडावी लागेल, तळहातावर अंगठ्याने मळल्याचा आवाज हवा. ते कसं करायचं, हे तिलाच विचारून ठरवावं लागेल.